चारशेच्या आत

आमच्या भाऊजींचं बोट मठ्ठ आहे असा निकाल एका टॅबलेटने दिला आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही दोघं एकाच छापखान्यात आणि एकाच मशीनवर. ते कटिंग मशीन चालवतात आणि मी त्यांच्या डाव्या हाताला उभी असते. शिवून आलेल्या पुस्तकांची चळत ते पात्याखाली सरकवतात, पातं खाली येतं, कडा सरळ कापल्या जातात आणि कापून पडलेलं कात्रण मी ओढून पोत्यात भरते. नियम असा आहे की कात्रण ब्रशने ओढायचं. नियम करणाऱ्याने एकदा ओढून बघावं. ब्रशने अर्धं ओढलं जातं, अर्धं चळतीखाली अडकतं, पुढचा काप वाकडा जातो आणि मग सगळे आमच्या नावाने बोंबलतात. म्हणून आम्ही सगळ्या बायका हातानेच ओढतो. ब्रश असतो बाजूला, कोणी बघायला आलं तर दाखवायला.

पातं कसलं आहे ते सांगते. जाडजूड पुस्तकांची चळत ते लोण्यासारखी कापतं. आवाजही फार होत नाही. चालवणाऱ्याचा हात सापडू नये म्हणून मशीनला दोन बटणं आहेत, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबायची आणि पातं वर जाईपर्यंत दाबून धरायची. एक जरी सुटलं तरी पातं जागच्या जागी थांबतं. म्हणजे चालवणाऱ्याचे हात बटणांवर अडकलेले, त्यांना काही होत नाही. नव्या मशीनना म्हणे एक डोळाही असतो, कुणाचाही हात मध्ये आला की मशीन आपोआप बंद. आमचं मशीन म्हातारं, त्याला डोळा नाही. माझ्या हातांसाठी त्याला काहीच नाही. माझ्या हातांसाठी भाऊजी आहेत.

त्यांची पद्धत ठरलेली. डावा हात बटणावर ठेवणार आणि तिकडे बघणार. उजवा ठेवणार आणि तिकडे बघणार. मग माझ्याकडे बघणार, तोंडाकडे नव्हे, हातांकडे. माझे दोन्ही हात बाहेर दिसले की 'हं' म्हणणार आणि मग दाबणार. हे प्रत्येक कापाला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सगळा विभाग त्यांना 'कासव' म्हणतो. मीही कमी बोललेले नाही. अहो, मी काय कालची आलेय का, दाबा की, असं दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. ते हसायचे आणि पुन्हा तेच, डावा, उजवा, माझे हात, हं.

त्यांची किंमत मला एकदाच कळली. मागे ते तापाने घरी होते तेव्हा त्यांच्या जागी 'तुफान'ला उभं केलं होतं. तुफान हा दुसऱ्या मशीनवरचा, तिशीचा गडी. कामाला वाईट नाही, पण एक नजर दारावर, एक घड्याळावर आणि हात बटणावर. त्या आठवड्यात रोज घरी आले की मी हात पदरात गुंडाळून बसायचे. चहाचा कपही उचलायचे नाही. आमच्या ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, हातच दमलेत. भाऊजी परत आले त्या दिवशी मी त्यांच्यासाठी डब्यात चार घास जास्तीचे नेले होते.

तर आता टॅबलेटची गोष्ट. कारखान्यात वर्षभरात दोन लहान अपघात झाले. वरून कोणीतरी ठरवलं की मशीन चालवणाऱ्यांचं लक्ष कमी पडतंय, त्यांची चपळाई मोजा. मशीनला डोळा बसवायचं कुणाच्या मनात आलं नाही. माणसांची बोटं मोजायला मात्र बाहेरची कंपनी आली, तिच्याकडून एक बाई आल्या आणि कँटीनच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसल्या. टेबलावर टॅबलेट. त्यावर एक राखाडी गोल. गोल हिरवा झाला की बोट टेकवायचं. किती वेळात टेकवलं ते खाली आकड्यात येतं, सेकंदाचे हजार तुकडे करून. असं पाच वेळा करायचं आणि त्याची सरासरी. चारशेच्या आत आलात तर मशीनवर. चारशेच्या वर गेलात तर पंधरा दिवसांनी आणखी एक संधी, आणि तेव्हाही नाही जमलं तर पॅकिंग.

भाऊजी टेबलाशी बसले. गोल हिरवा झाला. भाऊजींनी दोन्ही हात उचलले आणि दोन्ही तर्जन्या एकदम टॅबलेटवर दाबल्या, एक या कडेला, एक त्या कडेला. टॅबलेट म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी पुन्हा दोन्ही हातांनी दाबलं. बाईंनी सांगितलं, काका, एकच बोट, गोलावर. भाऊजींनी मान डोलावली, एक बोट पुढे केलं आणि दुसरा हात आपोआप टेबलाची दुसरी कड शोधायला लागला. मागे रांगेत हशा पिकला. तुफान तर पोट धरून हसत होता. त्याचा आकडा तीनशेच्याही खाली आला होता आणि तो सगळ्यांना बोटं नाचवून दाखवत होता. भाऊजींचा आकडा आला सातशेच्या घरात.

बाई म्हणाल्या, काळजी करू नका, सरावाने सुधारतं. हे वाक्य त्या बोलल्या भाऊजींना, पण ऐकलं मी. आणि मी मनाशी गाठ मारली. हा माणूस पॅकिंगला गेला तर माझ्या शेजारी कोण येणार ते मला पक्कं माहीत होतं.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. घर म्हणजे काय, आमच्याच मजल्यावर समोरचं दार. धाकटी जाऊ भांडी घासत होती. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, ताई, ह्यांना घरातही हाक मारली की दुसऱ्या हाकेला ओ येते, टॅबलेटला काय दोष देता. तिला जाऊ दे. मी माझ्या लेकीला बोलावलं. ती कॉलेजात जाते, फोन तिच्या हाताला चिकटलेलाच असतो, म्हटलं त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे. तिने तेच अ‍ॅप शोधून काढलं, तोच राखाडी गोल, तोच हिरवा. आणि आमची शिकवणी सुरू झाली.

देवा रे देवा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिले दोन दिवस फोन भाऊजींच्या बोटाला ओळखायलाच तयार नव्हता. ते टेकवायचे, गोल ढिम्म. जोरात दाबायचे, तरी ढिम्म. लेकीने त्यांचं बोट हातात घेऊन बघितलं तर टोक गुळगुळीत आणि कोरडं ठणठणीत. वर्षानुवर्षं कागद हाताळून कागदाने त्या बोटांतली सगळी ओल पिऊन घेतलेली. ती म्हणाली, काका, काचेला ओलसर कातडी लागते, तुमचं बोट तिला लाकूड वाटतंय. मग धाकटीने कुठून तरी मलम आणलं. भाऊजी रोज संध्याकाळी बोटांना मलम चोळून बसायचे, समोर टेबल, टेबलावर फोन, चेहरा असा की दात काढायला आलेत.

मलमाने बोट लागायला लागलं, पण आकडा सहाशेच्या खाली येईना. लेक म्हणाली, फोन हातात धरू नका, टेबलावर ठेवा. ठेवला. म्हणाली, बोट एवढं उंच उचलू नका, काचेच्या जवळच धरा. धरलं. म्हणाली, बोटाकडे बघू नका, गोलाकडे बघा. बघितलं. तेवढ्याने दहा-वीस तुकड्यांचा फरक पडायचा आणि दुसऱ्या दिवशी जैसे थे. आमचे हे दारात उभे राहून सल्ला द्यायचे, अरे, उत्तेजना आण अंगात, उत्तेजना. स्वतः खुर्चीतून उठायला दोनदा हात टेकतात आणि दुसऱ्याला उत्तेजना शिकवतात. मी त्यांना आत पिटाळलं.

मग एक दिवस लेकीच्या लक्षात आलं की घोडं पेंड कुठे खातंय. भाऊजी बोट टेकवायचे ते उचलायचेच नाहीत. दाबून धरायचे. पातं वर जाईपर्यंत धरायची सवय ना. आणि ते अ‍ॅप बोट टेकवलेलं मोजत नव्हतं, उचललेलं मोजत होतं. म्हणजे हा माणूस वेळेवर टेकवत होता आणि मग इमानदारीने काचेवर बोट रोवून बसत होता. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, भाऊजी, इथे पातं नाही. टेकवा आणि उचला, तव्याला लागल्यासारखं. तेही जमवायला तीन संध्याकाळी गेल्या. बोट टेकलं की त्यांचा अंगठाही ताठ व्हायचा, खांदा ताठ व्हायचा. धाकटी म्हणाली, अहो, फोन आहे तो, चोर नाही पकडलाय. शेवटी एकदाचं बोट उचलायला शिकलं. आकडा आला पाचशेवर.

पाचशेवर आला आणि तिथे खिळा ठोकल्यासारखा बसला. दिवस तर संपत आलेले. मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्येही त्यांना सोडत नव्हते. डबा उघडायच्या आधी वीस वेळा, डबा धुतल्यावर वीस वेळा. लोक जाता-येता टोमणे मारायचे. तुफान एकदा म्हणाला, काकू, कासवाला पळायला शिकवताय होय. मी म्हटलं, तू तुझं जेव. पण आतून मी पार वैतागले होते. सांगितलेलं सगळं करतात, नाही म्हणत नाहीत, चिडत नाहीत, तक्रार नाही, आणि आकडा मात्र हलत नाही. अशा माणसावर ओरडताही येत नाही. मी तरी ओरडायचेच.

आणि मग मला दिसलं. मी समोर बसले होते, दोन्ही हात टेबलावर ठेवून. गोल हिरवा झाला. भाऊजींचे डोळे गोलावरून उठले, आधी डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग माझ्या हातांवर आले आणि मग बोट टेकलं. इतकं झरझर की एरवी कळलं नसतं. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. डावा, उजवा, माझे हात. 'हं' तेवढं तोंडातल्या तोंडात.

मी म्हटलं, "माझ्या हातांकडे काय बघताय?"

ते म्हणाले, "बघितलं का मी?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. मी इतकी वैतागले होते ना, मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि मांडीखाली दाबून बसले. म्हटलं, आता बघा कुठे बघायचंय ते. माझे हात नाहीत, मी नाही, कोणी नाही. फक्त हिरवा. गोल हिरवा झाला, त्यांचे डोळे जरा उठले, समोर हात नाहीत म्हणून घुटमळले आणि परत आले. दहा-बारा वेळा असं झालं. मग उठायचे थांबले. आकडा आला चारशे वीस. मी हात मांडीखालून काढलेच नाहीत. पुढच्या प्रत्येक सरावाला मी हात दडवून बसले, घरीही आणि कँटीनमध्येही. शेवटच्या दोन दिवसांत तर ते हिरवा होतो न होतो तोच टेकवायला लागले. चेहराही बदलला. हसायचे. बोटं नाचवायचे तुफानसारखी.

दुसऱ्या परीक्षेत भाऊजींचा आकडा आला दोनशे ऐंशी. टॅबलेटवाल्या बाईंनी दोनदा बघितला. तुफानपेक्षाही कमी. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, म्हणाले, बघा, वय आडवं येत नाही, इच्छा लागते. त्या संध्याकाळी धाकटीने गोडधोड केलं, आमच्या ह्यांनी सांगितलं की उत्तेजनेचाच परिणाम, आणि मी किती दिवसांनी निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. चळत आत, पहिला काप, कात्रण पडलं. चळत फिरवून दुसरी बाजू आत. आता माझी कामाची चाल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भाऊजी डावीकडे बघायचे आणि उजवीकडे बघायचे तेवढ्यात मी मागचं कात्रण ओढत असायचे. ते माझ्याकडे बघेपर्यंत माझे हात बाहेर. इतक्या वर्षांत ही चाल मी कधी ठरवली नाही, ती आपोआप बसत गेली. त्यांच्या बघण्यातच माझी जागा होती.

त्या सकाळी कात्रणाची एक पट्टी चळतीखाली अडकली होती. मी हात घालून ओढली. येईना. जरा जोर लावला, ती अर्धवट सुटली आणि झटक्याने माझा हात मागे आला, कोपर टेबलावर आपटलं. त्याच क्षणी पातं खाली आलं.

पट्टी माझ्या मुठीत होती. तिचं दुसरं टोक सरळ रेषेत कापलेलं होतं, माझ्या बोटांपासून बोटभर अंतरावर.

पातं वर गेलं. भाऊजींचे हात अजून बटणांवरच होते. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. म्हणाले, "वहिनी, हात वर करा."

मी दोन्ही हात वर केले. त्यांचे ओठ हलत होते, बोटं मोजत होते. दहा झाली तरी थांबले नाहीत. म्हणाले, "उलटे करा." मी उलटे केले. त्यांनी पुन्हा मोजली. मग त्यांनी मशीनचा मुख्य स्विच बंद केला आणि कँटीनकडे चालायला लागले.

मी मागे धावले, कारण ते कशासाठी चाललेत ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं. बाई अजून होत्या, राहिलेल्या लोकांची परीक्षा घेत होत्या. भाऊजी त्यांना म्हणाले, मला पुन्हा एकदा घ्या. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही तर काल पहिले आलात. भाऊजी म्हणाले, काल मी बघितलंच नाही, मला बघून दाबायचंय. बाईंना काही उमजेना. त्या म्हणाल्या, बघायचं काय, हिरवा दिसला की टेकवायचं, एवढंच. मॅनेजरसाहेबही आले. त्यांना वाटलं भाऊजींना आणखी चांगला आकडा काढायचाय. ते म्हणाले, घ्या की, हौस आहे तर.

भाऊजी बसले. मला म्हणाले, समोर उभ्या राहा, हात दिसू देत.

मी वाकून त्यांच्या कानाशी दात-ओठ खाऊन बोलले. म्हटलं, काय चाललंय तुमचं, मशीन जाईल हातचं. पंधरा दिवस माझ्या नाकी नऊ आले, ते काय यासाठी? एकदा झालं, होतं कधीतरी. उद्यापासून आधीसारखे बघा, झालं. तुम्ही गेलात तर तिथे कोण येणार माहीत आहे ना? तुफान येणार. त्याच्याजवळ उभी राहू मी?

ते हळूच म्हणाले, "आता मला ठरवून बघावं लागतं, वहिनी. ठरवलं की बघतो, विसरलो की राहतं. आधी ठरवावं लागत नव्हतं."

मी म्हटलं, "येईल परत सवय."

"येईपर्यंत हात कुणाचा आहे मध्ये?" ते म्हणाले. "तुफानजवळ तुम्ही जपून असता. माझ्याजवळ तुम्ही जपत नाही."

मी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात पुढे धरले.

गोल हिरवा झाला. भाऊजींनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं, चांगलं निवांत बघितलं. 'हं' म्हणाले आणि बोट टेकवलं. पाचही वेळा. आकडा आला आठशेच्या वर. बाई म्हणाल्या, हा धरायचा नाही, कालचाच धरू. भाऊजी म्हणाले, हाच धरा, कालच्या आकड्यावर मी उभा राहणार नाही. मॅनेजरसाहेबांनी खूप समजावलं, मग चिडले, मग म्हणाले तुमची मर्जी. आणि दुपारी भाऊजी पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांना चिकटपट्टी लावत होते.

घरी जी वादळं व्हायची ती झाली. धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलली ती एवढंच बोलली की, ताई, तुम्ही शिकवायला घेतलंत ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमचे हे म्हणाले, पास झालेला माणूस स्वतःहून नापास होतो असं मी जगात पाहिलं नाही. लेक अ‍ॅप काढून टाकायला गेली, तर मी म्हटलं राहू दे, ते बघून तुझ्या आईला शहाणपण येईल.

मशीनवर आता तुफान आहे. मी ब्रशने कात्रण ओढते. नियमाप्रमाणे. पातं वर जाऊन थांबलं की मगच, आणि त्याचे दोन्ही हात बटणांवरून उचललेले दिसले की मगच. काप वाकडे जातात, बोंबाबोंब होते, तुफान दात खातो, म्हणतो काकू, तुमच्यामुळे माझा माल मागे पडतो. पडू दे. एकदा त्याने हातातला ब्रश हिसकावून बाजूला ठेवला, तेव्हा मी सगळ्या विभागाला ऐकू जाईल असं त्याला सुनावलं. तेव्हापासून तो ब्रशला हात लावत नाही. आता कासव मला म्हणतात.

पॅकिंगचं टेबल हॉलच्या त्या टोकाला आहे, खिडकीखाली. मध्ये दोन मशीन, एक खांब आणि खोक्यांची रास. पण राशीच्या वरून भाऊजींचं डोकं दिसतं. तुफानने चळत सरकवली की ते डोकं उठतं. चिकटपट्टी हातात तशीच. डावीकडे वळतं, उजवीकडे वळतं आणि मग माझ्याकडे बघतं. तेवढ्यात इकडे पातं पडून वरही गेलेलं असतं. मग ते खाली बघतात आणि पट्टी फाडतात. पुढच्या कापाला पुन्हा तेच. दिवसभर. पॅकिंगवाला मुकादम त्यांच्यावर ओरडतो की खोकी साठलीत, लक्ष कुठंय. मला इतका राग यायचा ना. त्यांचा, मुकादमाचा, तुफानचा, त्या टॅबलेटचा, कुणाकुणाचा म्हणून सांगू.

परवा कामावरून एकत्र परत येताना मी बोललेच. म्हटलं, भाऊजी, एवढ्या लांबून तुम्हाला माझे हात तरी दिसतात का? आणि दिसले तरी तिथून बघून काय होणार आहे? उगाच मुकादमाची बोलणी खाता.

"काही होत नाही," ते म्हणाले. थोडं चालल्यावर पुढे म्हणाले, "पण आता ठरवावं लागत नाही."